पदाचे मूळ आणि पदाचे फळ

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णीच्या परिसरात राजकारण कोणाला शिकवावे लागत नाही. उजनीचे पाणी जवळ, चहूकडे ऊस, आणि साखर कारखान्याची निवडणूक म्हणजे विधानसभेच्या निवडणुकीपेक्षा काकणभर अधिकच चुरशीची! अशा भागातील माणसे निकाल लागल्यावर हार-जीत पचवून दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. परंतु २०२४ च्या डिसेंबरात शेजारच्या माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी या लहानशा गावाने निकाल पचवण्याचे नाकारले, आणि काही दिवस साऱ्या देशाचे लक्ष त्या गावाकडे लागले.

२० नोव्हेंबरला मतदान झाले होते, २३ नोव्हेंबरला निकाल. माळशिरसमध्ये उत्तमराव जानकर सुमारे तेरा हजार मतांनी निवडून आले. मारकडवाडीत मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी राम सातपुते यांना अधिक मते पडल्याचे यंत्राने सांगितले. गावातील जानकरांच्या समर्थकांना हे खरे वाटेना. त्यांनी ३ डिसेंबरला स्वखर्चाने मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदीचा आदेश काढला, पोलिसांचा ताफा आला आणि बेत रद्द झाला. संशय घेणारी बाजू मतदारसंघात हरलेली नव्हे, जिंकलेली होती, ही या प्रकरणातील नवलाची गोष्ट. पुढे निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले की, राज्यातील २८८ मतदारसंघांपैकी प्रत्येकातील पाच केंद्रे घेऊन एकूण १४४० यंत्रांतील चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि त्यांत कोठेही तफावत आढळली नाही.

गावाने ठरवल्याप्रमाणे मतदान झाले असते, तरी त्यातून काही सिद्ध झाले असते असे मला वाटत नाही. निकालानंतर दहा दिवसांनी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, कोण आले आणि कोण आले नाही हे दिसत असताना दिलेले मत हे पहिल्या गुप्त मताची प्रत नसते. ते वेगळेच मत असते. पण जमावबंदीने माणसे पांगतात, त्यांच्या मनातला संशय पांगत नाही, हेही तितकेच खरे. आणि त्या संशयाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो यंत्रांपेक्षा फार जुना आहे. ज्याच्या पदाच्या मुळाविषयीच शंका आहे, त्याच्या अधिकाराला आपण किती मान द्यावा? आणि अशा माणसाने पुढे लोकोपयोगी कामे केली, तर त्या कामांनी मुळातला दोष धुऊन निघतो काय?

मारकडवाडीचा संशय मोजणीविषयी होता. दुसरा एक वाद असतो तो मते मागण्याच्या रीतीविषयी. मोजणी बिनचूक असते, पण मते ज्या मार्गाने मिळवली तो मार्ग कायद्याने निषिद्ध असतो. या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्याच राज्याच्या एका मुख्यमंत्र्यांच्या जीवनात घडले आहे, म्हणून त्याकडे जरा निवांतपणे पाहू.

मनोहर जोशी यांचा जन्म १९३७ चा, रायगड जिल्ह्यातील नांदवी गावचा. घरची गरिबी, मुंबईत नोकरी करीत पुरे केलेले शिक्षण, मग ‘कोहिनूर’ ही तंत्रशिक्षण देणारी संस्था, विधान परिषद, १९७६-७७ मध्ये मुंबईचे महापौरपद, अशा पायऱ्या चढत ते १९९० मध्ये दादरमधून विधानसभेवर निवडून आले आणि विरोधी पक्षनेते झाले. त्या निवडणुकीच्या प्रचारात, फेब्रुवारी १९९० मध्ये, शिवाजी पार्कवरील सभेत, देशातील पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल अशा आशयाचे वाक्य त्यांनी उच्चारले, असा आरोप करणारी निवडणूक याचिका उच्च न्यायालयात दाखल झाली. धर्माच्या नावावर मते मागणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमान्वये भ्रष्ट आचरण ठरते. उच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्द ठरवली. अपील सर्वोच्च न्यायालयात गेले.

अपील तेथे पडून असतानाच राज्यात १९९५ ची निवडणूक झाली. शिवसेनेचे ७३ आणि भारतीय जनता पक्षाचे ६५ असे मिळून १३८ आमदार. बहुमताला १४५ हवेत. पंचेचाळीस अपक्षांपैकी अनेकांच्या पाठिंब्यावर सरकार बनले आणि १४ मार्च १९९५ रोजी, त्याच शिवाजी पार्कवर, मनोहर जोशी यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. या प्रसंगाचे वैचित्र्य लक्षात घ्यावे. राज्याचा प्रमुख नव्याने, विधिवत निवडून आलेला आहे. पण त्याच्या मागच्या निवडणुकीविषयी उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या विरुद्ध आहे, आणि भ्रष्ट आचरण अखेर कायम ठरले तर सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊन नवे पदही हातचे जाण्याची शक्यता आहे. जवळजवळ नऊ महिने महाराष्ट्राचा कारभार या टांगत्या तलवारीखाली चालला होता.

त्या काळातले आणि त्यानंतरचे सरकारचे काम आपल्याला आठवत असेल. एक रुपयातील झुणका-भाकर, मुंबईतील झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांची योजना, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ. आपल्या सोलापूरकडच्या माणसाला अधिक जवळची गोष्ट म्हणजे १९९६ मध्ये स्थापन झालेले कृष्णा खोरे विकास महामंडळ. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले पाणी २००० सालापूर्वी अडवले पाहिजे, या निकडीने कर्जरोखे विकून पैसा उभारला गेला आणि धरणे-कालव्यांची कामे निघाली. त्यांतील काही पुरी झाली, काही रखडली, पैशाचा हिशेब पुढे वादाचा झाला. तथापि कालव्याचे पाणी ज्याच्या शेतात आले, तो शेतकरी १९९० च्या सभेत कोण काय बोलले याची चौकशी करीत बसत नाही. त्याच्या दृष्टीने पद फळाला आले. मग मुळाची विचारपूस कशाला?

हा युक्तिवाद आपण रोज ऐकतो. ‘निवडून कसा का येईना, कामे तर करतो!’ या वाक्यात व्यवहार आहे, आणि मान्य करायला संकोच वाटला तरी थोडे सत्यही आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा प्रश्न हाताळला, तेव्हा त्यांनी अधिकाराच्या दोषाचे दोन भाग केले. अधिकार वाईट रीतीने वापरणे हा एक दोष, आणि अधिकार वाईट रीतीने मिळवणे हा दुसरा. मिळवण्यातील दोषातही त्यांनी पुन्हा भेद केला. पदावर आलेला माणूस व्यक्तिशः नालायक असेल, तर तेवढ्याने त्याचा अधिकार खोटा ठरत नाही. पण बळजोरीने, पैशाने वा अन्य अवैध मार्गाने ज्याने पद बळकावले, तो खरा अधिकारीच नव्हे. एवढे सांगून ते एक महत्त्वाची पुस्ती जोडतात. असा माणूस पुढे खरा अधिकारी होऊ शकतो. प्रजेच्या संमतीने, किंवा त्याच्याहून श्रेष्ठ असलेल्या अधिकाराच्या मान्यतेने.

या पुस्तीत काय नाही, हे मला अधिक बोलके वाटते. त्या माणसाच्या स्वतःच्या सत्कृत्यांचा तेथे उल्लेख नाही. मुळातला दोष भरून निघू शकतो, पण ज्याच्या पदात तो दोष आहे त्याच्या स्वतःच्या हाताने नव्हे. तो दुसऱ्याने भरून काढावा लागतो. कामे ही त्याच्या हातची असतात. रस्ता बांधणारा स्वतःच स्वतःच्या दोषमुक्तीच्या दाखल्यावर सही करू शकत नाही.

नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे २०२० च्या अखेरीस सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली दोन कोटींवर गेली, आणि हा पैसा कोणाच्या खिशात न जाता मंदिराच्या कामासाठी द्यायचा होता. नंदुरबारमधील खोंडामळी येथेही असेच घडले. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या. गावकऱ्यांना वाईट वाटले असेल. देवाच्या कामात खोट काढली असे वाटले असेल. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील शिमोन जादूगार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आयोगाचा निर्णय समजायला जड जाऊ नये. शिमोनाने पैसे देऊ केले ते प्रेषितांनाच, आणि मागितले तेही पवित्र वरदान. पेत्राने त्याला धिक्कारले, कारण जे विकत मिळत नसते ते तो विकत मागत होता.

‘कामे तर करतो’ या युक्तिवादाची खरी कसोटी मात्र दूर आफ्रिकेत लागली. नायजेरियातील अनाम्ब्रा हे ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती असलेले राज्य. एप्रिल २००३ मध्ये तेथे राज्यपालाची निवडणूक झाली. तेथील राज्यपाल हा आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो. क्रिस एन्गिगे विजयी म्हणून घोषित झाले. प्रतिस्पर्धी पीटर ओबी यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. दरम्यान एन्गिगे आणि त्यांना निवडून आणणारा धनाढ्य पुढारी यांच्यात बिनसले, आणि १० जुलै २००३ रोजी पोलिसांच्या मदतीने खुद्द राज्यपालाचेच अपहरण करून त्यांच्या नावाने राजीनामा पुढे करण्यात आला. तो डाव फसला. पुढे हेही उघड झाले की, निवडणुकीपूर्वी त्यांना ओकिजा येथील एका देवस्थानात शपथेसाठी नेण्यात आले होते.

आता गंमत पाहा. त्या पुढाऱ्याच्या तावडीतून सुटल्यावर एन्गिगे यांनी सरकारी पैसा रस्त्यांवर खर्च केला. कैक वर्षे न झालेले रस्ते झाले आणि ते लोकप्रिय ठरले. म्हणजे पदाचे मूळ किडलेले आणि फळ गोड! आपल्याकडचा व्यवहारी माणूस म्हणाला असता, ‘राहू द्या ना त्यांनाच.’ न्यायालयाने तसे म्हटले नाही. मते प्रत्यक्षात ओबी यांना मिळाली होती असा निर्णय न्यायाधिकरणाने ऑगस्ट २००५ मध्ये दिला, अपील न्यायालयाने १५ मार्च २००६ रोजी तो कायम केला, आणि दोन दिवसांनी ओबी यांनी शपथ घेतली. एन्गिगे खाली उतरले. त्यांनी बांधलेले रस्ते राहिले. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, ते सिनेटवर निवडून आले. अक्वायनस यांनी म्हटलेली प्रजेची संमती त्यांना मिळाली असे म्हणावयाचे तर ती तेव्हा मिळाली, आणि तीही नव्या पदासाठी.

रस्ते राहिले, हा मुद्दा क्षुल्लक नाही. रोमन कायद्याच्या ग्रंथांत बार्बारियस फिलिप्पस नावाच्या माणसाची हकीकत आहे. हा मूळचा पळून आलेला गुलाम. गुलामाला पद धारण करता येत नव्हते; पण कोणाला पत्ता नसल्याने तो रोममध्ये न्यायदानाच्या उच्च पदावर चढला. खरे उघडकीस आल्यावर प्रश्न पडला, की त्याने दिलेल्या निवाड्यांचे काय करावे? कायदेपंडित उल्पियन यांनी ते टिकवण्याच्या बाजूने मत दिले, कारण ज्यांनी त्याच्यापुढे विश्वासाने न्याय मागितला त्यांचा काय अपराध? आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १०७ वे कलम हेच सांगते. निवडणूक रद्द ठरली, तरी त्या प्रतिनिधीने तोवर ज्या कामकाजात भाग घेतला ते त्या कारणाने अवैध ठरत नाही. ख्रिस्तसभेच्या विधिसंग्रहातील १४४ वा नियमही याच वळणाचा आहे. सर्वसाधारण गैरसमजातून लोक एखाद्याला अधिकारी समजून चालले, तर त्याच्याकडे नसलेला अधिकार ख्रिस्तसभा स्वतः पुरवते. हे सारे लोकांचे नुकसान होऊ नये म्हणून. त्या पदधारकाची इभ्रत राखण्यासाठी नव्हे. कालव्याचे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याला म्हणूनच अपराधी वाटण्याचे कारण नाही. पाणी त्याचे आहे. मात्र ते पाणी कोणाच्या बाजूची साक्ष म्हणून न्यायालयात उभे करता येणार नाही.

पुन्हा मनोहर जोशी यांच्याकडे येऊ. त्यांच्या बाजूने एक वजनदार मुद्दा मांडता येतो. १९९५ मध्ये दादरच्या मतदारांनी उच्च न्यायालयाचा निकाल ठाऊक असताना त्यांना निवडून दिले. मग प्रजेची संमती मिळालीच ना? मला येथे अडखळायला होते. धर्माच्या नावावर मते मागू नयेत हा नियम कोणाच्या रक्षणासाठी आहे? ज्यांच्याकडे मते मागितली त्यांच्या तर आहेच. पण त्याहून अधिक, ज्यांना वगळून मते मागितली जातात त्यांच्या. एखाद्या सभेत राज्य अमुक धर्माचे होईल असे म्हटले गेले, की त्या सभेच्या बाहेर उभा असलेला मुसलमान, ख्रिस्ती, पारशी मतदार त्या क्षणी पाहुणा ठरतो. घर त्याचेच, पण यजमान दुसराच! उद्या राज्य आमच्या धर्माचे असे म्हणणारा ख्रिस्ती उमेदवार कोठे उभा राहिला, तर हेच दुःख दुसऱ्याच्या वाट्याला येईल. अशा वेळी ज्यांचा गौरव झाला त्या बहुसंख्यांनी पुढच्या निवडणुकीत क्षमा केली, तरी त्या क्षमेचे मोल काय? ज्याच्यावर अन्याय झाला, क्षमा करण्याचा हक्क त्याचा. एवढ्यासाठी संमतीच्या जोडीला अक्वायनस यांचा दुसरा मार्ग, श्रेष्ठ अधिकाराचा निवाडा, आवश्यक ठरतो.

तो निवाडा ११ डिसेंबर १९९५ रोजी झाला. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या पीठाने त्या वाक्याविषयी तीव्र नापसंती नोंदवली. पण ते एक आशा व्यक्त करणारे विधान आहे, धर्माच्या आधारे मत देण्याचे आवाहन नव्हे, असा अर्थ लावला. इतर वक्त्यांच्या भाषणांचे दायित्व उमेदवारावर टाकण्यासाठी जे दुवे जोडायला हवे होते, तेही पुरेसे जोडले गेले नव्हते. निवडणूक वैध ठरली, मुख्यमंत्री पदावर राहिले. निकाल मनाला पटो वा न पटो, जोशी यांनी न्यायालयाला वळसा घातला नाही, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा केली पाहिजे. १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द केल्यावर निवडणुकीचा कायदाच मागच्या तारखेपासून बदलण्यात आला होता. त्या मानाने ही वाट पुष्कळ सरळ होती. पुढे जोशी यांना पद सोडावे लागले ते जानेवारी १९९९ च्या अखेरीस, पुण्यातील शाळेसाठी राखीव असलेल्या भूखंडाचे प्रकरण तापले असताना, आणि सोडायला सांगितले ते पक्षप्रमुखांनी. २००२ ते २००४ या काळात ते लोकसभेचे अध्यक्ष होते. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले.

त्याच ११ डिसेंबरला त्याच पीठाने आणखी एक निकाल दिला. १९८७ च्या डिसेंबरात विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले होते. त्यांच्या प्रचारातील बाळासाहेब ठाकरे यांची भाषणे भ्रष्ट आचरण ठरली आणि ती निवडणूक रद्द झाल्याचा उच्च न्यायालयाचा १९८९ चा निर्णय कायम झाला. पण ज्या विधानसभेतली ती जागा होती, ती विधानसभा १९९० मध्येच संपून गेली होती. नसलेल्या जागेवरून माणसाला उठवण्यात आले! ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला, तोही आदेश १९९९ मध्ये निघाला. शिक्षेची मोजणी १९९५ पासून धरली गेली.

कायदा असे सांगत नाही. निवडणूक याचिका सहा महिन्यांत आणि तिच्यावरील अपील तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अनाम्ब्रातही विलंब झालाच. चार वर्षांच्या मुदतीतील जवळजवळ तीन वर्षे एन्गिगे यांनी उपभोगली. परंतु तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २००७ मध्ये एक विलक्षण निर्णय दिला. ओबी यांची चार वर्षे त्यांनी ज्या दिवशी शपथ घेतली त्या दिवसापासून मोजावीत, कारण दुसऱ्याने गिळलेला काळ त्यांच्या खाती मांडता येणार नाही. तेव्हापासून अनाम्ब्राची निवडणूक देशातील इतर बहुतेक राज्यांच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. आपल्याकडे गेलेली मुदत अशी परत मिळत नाही, आणि विलंबाचा लाभ ज्याच्या पदाविषयी शंका आहे त्यालाच होतो. उमेदवार हे जाणतात. वकील तर जाणतातच.

१९९० च्या निवडणुकीतील मुंबईचीच आणखी एक याचिका होती, सांताक्रूझ मतदारसंघाची. त्यातून निघालेला प्रश्न असा, की कायद्यातील ‘त्याचा धर्म’ या शब्दांत केवळ उमेदवाराचा धर्म येतो की मतदाराचाही? तो सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. मतदाराचाही येतो, असे उत्तर चार विरुद्ध तीन मतांनी मिळाले, ते २ जानेवारी २०१७ रोजी. त्या निवडणुकीच्या वर्षी जन्मलेली मुले तोवर सव्वीस वर्षांची झाली होती आणि त्यांनी स्वतः दोनदा विधानसभेसाठी मतदान केले होते.